झाडाने मारलेली गाठ

बाईंनी आयुष्यात पुष्कळ रेणू बनवले, पण जीव एकाच रेणूत अडकला, आणि तो नेमका नवऱ्याने शोधलेला होता. ही लग्नाआधीची गोष्ट. नवरा तेव्हा शेजारच्या प्रयोगशाळेतला एक लांबट तरुण होता. डोंगरातल्या कुठल्याशा खुरट्या झाडाची साल पोत्याने आणायची, दळायची, भिजवायची आणि त्या काळ्या रसातून काय निघतं ते बघत बसायचं, हा त्याचा उद्योग. एकदा त्यातून चिमूटभर पांढरी भुकटी निघाली. त्याने तिची रचना कागदावर मांडली, आणि जो शोधतो तो नाव ठेवतो या धंद्यातल्या रिवाजाचा पुरेपूर फायदा घेत बाईंच्याच नावाला रसायनाची शेपटी जोडून ते छापून टाकलं. दुसरी माणसं फुलं देतात, चिठ्ठ्या लिहितात. याने पाच कड्यांचा रेणू दिला. बाईंनी लाजायचं सोडून आधी रचना तपासली आणि मग होकार दिला.

त्याच दिवशी त्यांच्या डोक्यात किडा शिरला, की हा रेणू आपण हाताने बनवायचा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, त्यात काय एवढं. झाड तर तो ऊन, पाणी आणि मातीवर बिनबोभाट बनवतं. पण माणसाने तोच बनवायचा म्हणजे दुकानात मिळणाऱ्या साध्यासुध्या रसायनांपासून सुरुवात करायची, एकेक तुकडा जिथल्या तिथे बसवायचा आणि एक टोक जोडताना दुसरं तुटणार नाही हे बघायचं. ते तुटतंच. वर्षानुवर्षं तुटत राहिलं. बाईंनी दोन रस्ते पार टोकापर्यंत नेऊन सोडून दिले. इतर मोठमोठ्या प्रयोगशाळांनीही या रेणूपुढे हात टेकले. मधल्या काळात बाईंनी दुसरे अवघड रेणू बनवले, नाव कमावलं, कितीतरी विद्यार्थी त्यांच्या हाताखालून डॉक्टर होऊन गेले. लेक मोठी झाली आणि जेवणाच्या टेबलावर रसायनशास्त्र ऐकून ऐकून इतकी विटली, की दातांची डॉक्टर झाली. पण नवऱ्याने जेवताना "काय म्हणतेय आमची भुकटी?" असं विचारलं, की बाईंचा घास हातातच राहायचा. नवऱ्याला प्रयोगशाळेत सगळे सर म्हणत, आपणही सरच म्हणू. सर निवृत्त होऊन घरी बसले होते. बाईंचीही निवृत्ती दाराशी आली होती. त्यानंतर प्रयोगशाळेतली त्यांची खोली दुसऱ्या कुणाला जाणार, म्हणजे आता नाही तर कधीच नाही, असा मामला होता.

आणि अशात काम शेवटच्या पायरीवर येऊन पोचलं.

शेवटची पायरी म्हणजे एक गाठ. रेणूची दोन कडी एकाच ठिकाणी एकमेकांना येऊन भिडतात, तिथे ती गाठ पडते. ती डावीकडून पडू शकते किंवा उजवीकडून. सरांनी छापलेल्या रचनेत ती उजवी होती. एवढी एक गाठ सोडली तर दोन्ही रेणू सारखेच, पण या धंद्यात एवढ्यावरच माणसाची वर्षं जातात.

गाठ मारायचं काम बाईंनी त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनीवर सोपवलं होतं. तिला सगळे वादळ म्हणत आणि तीही त्याला ओ देई. चालताना तिचा कोट कुठल्या तरी दांडीत अडकायचाच, आणि बोलायला लागली की शब्द एकमेकांच्या अंगावर पडायचे. फ्लास्क हातात घेतला की मात्र ही पोरगी अशी शांत व्हायची, की बाई काम सोडून तिचे हात बघत राहत. तिने बर्फाच्या भांड्यात फ्लास्क ठेवून गाठ मारली, भुकटी गाळून, सुकवून बाईंच्या हातात दिली. नखावर मावेल एवढी होती.

पहिला स्पेक्ट्रम, म्हणजे रेणूची ओळख पटवणारा शिखरांचा आलेख, घ्यायचा मान बाईंचा. बाईंची शिस्त अशी, की नमुना विरघळवायचं क्लोरोफॉर्म बाटलीतून सरळ घ्यायचं नाही. बाटलीत ते पडून पडून किंचित आंबतं, म्हणून आधी अॅल्युमिनाच्या पांढऱ्या भुकटीतून गाळून घ्यायचं, काचेची नळीसुद्धा क्षाराच्या पाण्याने धुऊन सुकवायची. या सोवळेपणावर मागे पुष्कळ विनोद व्हायचे. बाईंनी सगळं यथासांग केलं आणि दोघी तळघरात मशीनसमोर जाऊन बसल्या. पडद्यावर एकेक शिखर उमटू लागलं. शेजारी सरांचा जुना छापील स्पेक्ट्रम होता.

सुरुवातीची शिखरं जुळली. मग मधली आली, ती सरकलेली होती. शेवटची तर भलतीकडेच.

"बाई, हा आपला नाहीये," वादळ म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य बोलून थांबली.

बाईंनी एवढंच म्हटलं, की जेवून घे, उद्या बघू.

घरी सर भाजी चिरत बसले होते. निवृत्तीनंतर त्यांनी स्वयंपाकाचा ताबा घेतला होता आणि मीठसुद्धा तराजूवर मोजून घालत. त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि सुरी खाली ठेवली.

"नाही जुळला?"

"नाही."

"मग तू दुसरंच काहीतरी बनवलंयस."

"किंवा तुम्ही दुसरंच काहीतरी काढलं असेल."

"माझा स्पेक्ट्रम जगाने पाहिलाय."

"पाहिलाय. रेणू कुणी बनवून नाही पाहिला."

हे भांडण या घरात नवीन नव्हतं. लेक फोनवर म्हणायची, की तुम्ही दोघं घटस्फोट घेतलात तर वकिलाला आधी रसायनशास्त्र शिकावं लागेल. पण आज सर भांडण पुढे न नेता मुकाट पुन्हा भाजीकडे वळले. त्याचंच बाईंना जास्त लागलं. आपली कीव केलेली त्यांना अजिबात खपत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई प्रयोगशाळेत शिरल्या तर आत लग्नघर. शेजारच्या खोल्यांमधली पोरंही जमली होती, कुणीतरी फळ्यावर फुगे काढले होते, आणि वादळ हातात कागद घेऊन जागच्या जागी उड्या मारत होती.

"बाई, जुळला! मला राहवलंच नाही, म्हणून सकाळी येऊन परत घेतला, आणि बघा ना, एकूण एक शिखर, सरांचाच आहे, अगदी सरांचाच!"

बाईंनी कागद खिडकीपाशी नेला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिला. खरंच एकूण एक शिखर जुळत होतं. त्यांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी वादळाला जवळ घेतलं, तिची वेणी विस्कटली, पोरांना म्हणाल्या की आज कुणी काम केलं तर याद राखा. इतकी वर्षं ज्याच्या मागे ऊर फुटेपर्यंत धावल्या, तो त्यांच्या हातात होता. साधारण चहाचा एक कप संपेपर्यंत त्या जगातल्या सगळ्यात सुखी बाई होत्या.

कप खाली ठेवता ठेवता त्यांना कालची नळी आठवली.

"भुकटी कालचीच ना?" त्यांनी वादळाला विचारलं.

"कालचीच."

"त्याच कुपीतली?"

"हो बाई."

"मग काल का नाही जुळलं?"

वादळाची मान खाली गेली. "बाई, रागावू नका. अॅल्युमिना संपलं होतं. मी क्लोरोफॉर्म बाटलीतूनच घेतलं. गाळलं नाही."

वादळाला वाटलं, आता झाडाझडती होणार. पण बाई रागावल्या नाहीत. त्या खुर्चीवरून इतक्या झटक्याने उठल्या, की पोरं बाजूला झाली.

"चल खाली," त्या म्हणाल्या. "कालची नळी घे. आणि ती बाटलीही."

कालच्या नळीत कालचाच, न जुळणारा नमुना होता. बाईंनी त्याचा पुन्हा स्पेक्ट्रम घेतला, तो तसाच आला. मग नळीचं बूच काढून बाटलीतल्या क्लोरोफॉर्मचे दोन थेंब आत सोडले आणि मशीन चालू ठेवलं. दोघी पडद्याला डोळे लावून बसल्या. आधी काहीच नाही. मग एका शिखराच्या पायथ्याशी बारीकसा फुगवटा आला. तो वाढू लागला आणि मूळचं शिखर खाली बसू लागलं. एक, मग दुसरं, मग मधली सगळी रांग. त्यांच्या डोळ्यांदेखत डावी गाठ सुटत होती आणि उजवी पडत होती. बाटलीतल्या चिमूटभर आंबटपणाने एवढं काम केलं होतं.

"अगं आई गं," वादळ पुटपुटली.

बाईंच्या अंगावर काटा आला होता आणि हसूही आवरत नव्हतं. म्हणजे फ्लास्कमध्ये पडली होती ती डावी गाठ. उजवी नंतर, नळीत गेल्यावर पडली. पण मग सरांच्या नळीत काय झालं असेल? सरांनी तर उभ्या आयुष्यात क्लोरोफॉर्म गाळून घेतलं नव्हतं.

वादळाच्याही डोक्यात तेच आलं असावं, कारण ती एकदम हळू आवाजात बोलू लागली. "बाई, छापलेली रचना आपण बनवलीय. जुळलीय. कुणी काही विचारणार नाही. राहू दे ना."

"आणि झाडात कुठली आहे?"

"झाडाला कोण विचारतंय, बाई?"

"मी विचारतेय," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं त्या झाडाशी शर्यत लावून बसलेय. त्याने नक्की काय बनवलं, एवढं तरी मला कळायला नको?"

तोऱ्यात बोलून गेल्या खऱ्या, पण जिना चढताना त्यांचा पाय जड झाला. झाडात डावी गाठ निघाली, तर झाडाचा खरा रेणू जगात पहिल्यांदा बाईंच्या खोलीत ओळखला गेला असं होणार होतं. यापेक्षा मोठं काय हवं? पण मग सरांचा तो रेणू, ज्याच्यावर त्यांचं नाव झालं, जो पाठ्यपुस्तकात गेला, तो झाडाने कधी बनवलाच नव्हता. तो सरांच्या बाटलीत नासून तयार झाला होता. हे घरी जाऊन कोणत्या तोंडाने सांगायचं? दुपारपर्यंत बाईंनी ते पोटात ठेवलं. तेवढंच त्यांना जमलं. मग त्या रजा टाकून घरी गेल्या आणि चपला काढायच्या आत विचारलं,

"तुम्ही साल पहिल्यांदा काढलीत, तेव्हा प्लेटवर ठिपका कुठे यायचा?"

रसात काय आहे ते प्लेटवरच्या ठिपक्यावरून कळतं, रेणू बदलला की ठिपका सरकतो. सर वर्तमानपत्र वाचत होते. "एकच ठिपका यायचा. स्वच्छ."

"कुठे?"

"पहिल्या दिवशी जरा खाली होता. नंतर कायम वरच." सरांनी वर्तमानपत्र बाजूला केलं. "पहिली प्लेट खराब होती. का?"

बाईंनी सगळं सांगितलं. दोन थेंब, फुगवटा, सुटलेली गाठ, सगळं. सर ऐकत गेले आणि त्यांचे कान लाल होत गेले.

"म्हणजे माझी बाटली नासकी होती असं म्हणायचंय तुला?"

"मला काही म्हणायचं नाही. मला बघायचंय."

"प्लेट खराब होती. मला चांगलं आठवतंय."

"असेलही."

सर उठून येरझाऱ्या घालू लागले. जेवणाच्या टेबलापासून खिडकीपर्यंत आणि परत. मग थांबले. "साल मी आणतो. मी काढतो. तुझ्या पोरींपैकी कुणी मध्ये बोट घालायचं नाही. तूसुद्धा नाही."

"चालेल," बाई म्हणाल्या.

"उजवीच निघेल."

"निघू दे."

सर पहाटेच्या गाडीने डोंगरात गेले आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर पिशवी टाकून परत आले, ते थेट प्रयोगशाळेत. त्यांचा जुना कोट पोटावर बसेना, तर बटणं उघडी टाकून कामाला लागले. सालीतला आंबटपणा मारायला बाईंनी अमाइन वापरायला सांगितलं होतं. त्याला सडलेल्या मासळीचा वास. सगळा मजला नाक दाबून फिरत होता आणि सर एकटे मजेत. दळलेली साल भिजवली, रस गाळला, कॉलममधून थेंब थेंब सोडत राहिले. वादळ काही ना काही निमित्त काढून तिथून जायची आणि धावत येऊन बाईंना बातमी द्यायची. आता रंग उतरला. आता सर शीळ घालतायत. आता प्लेट लावली.

"ठिपका कुठे आला?" बाईंनी विचारलं.

"सरांनी प्लेट खिशात घातली."

बाईंना स्वतःचंच नवल वाटत होतं. एक मन म्हणत होतं, डावी निघू दे, आयुष्याचं चीज होईल. दुसरं मन त्या लांबट, पोट सुटलेल्या माणसाकडे काचेतून बघत होतं आणि म्हणत होतं, निघू दे बाई उजवी, त्याचं राहू दे त्याच्याकडे. दोन्ही मनांचं एकमेकांशी पटेना. त्या दिवसभर नुसत्या फ्लास्क धूत बसल्या.

शेवटच्या दिवशी सकाळीच सरांनी नमुना विरघळवायला घेतला. बाई दारात उभ्या होत्या. आत यायची परवानगी नव्हती. टेबलावर दोन कुप्या होत्या. एकीत वादळाने ताजं अॅल्युमिना आणून गाळलेलं क्लोरोफॉर्म होतं. दुसरी म्हणजे तीच ती बाटली. सरांनी बाटली उचलली, उजेडात धरली, बूच काढून वास घेतला. बाईंचा जीव टांगणीला लागला. त्या बाटलीतले दोन थेंब, आणि उजवी गाठ पडणार हे दोघांनाही ठाऊक होतं. पुन्हा साल काढून तपासायला जगात कुणी येणार नव्हतं. बाई बोलल्या असत्या तरी कुणी ऐकलं असतं? आणि त्या बोलल्या असत्या की नाही, हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना.

सरांनी बूच घट्ट लावलं, बाटली लांब सरकवली आणि गाळलेल्या कुपीतून मापून घेतलं.

तळघरात तिघंही मशीनभोवती उभे राहिले. सर खुर्चीवर बसायला तयार नव्हते. शिखरं उमटू लागली. सुरुवातीची आली, ती दोन्ही रेणूंत सारखीच असतात, त्यावरून काही कळत नाही. मग मधली आली. सरांना बाईंच्या आधी कळलं. त्यांनी बाईंचा पहिल्या दिवशीचा, न जुळलेला कागद हातात घेतला आणि पडद्याला लावला. शिखरावर शिखर बसलं. एका केसाचाही फरक नव्हता.

वादळाने दोन्ही हात तोंडावर दाबले. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं, आणि ते आनंदाचं होतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. झाडाने जी गाठ मारली होती तीच त्यांच्या फ्लास्कमध्ये पडली होती. सगळं सरळ होतं आणि सगळं खरं होतं. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना भरून आलेलं जरा ओसरलं.

सर खुर्चीवर बसले होते.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

"अहो, तुमची रचना बरोबरच होती," बाई घाईने म्हणाल्या. "तुमच्या नळीत जे होतं त्याची ती अगदी बरोबर रचना होती. तुमच्या जागी दुसरा कुणी..."

"थांब जरा."

"नाही, मला बोलू दे. त्या काळी कुणीच गाळून घेत नव्हतं—"

"अगं, थांब म्हणतो ना." सर बोटं मोजत होते. ओठ हलत होते. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची सुरू झाली. "त्या मुळांचा रेणू. मग ती पांढरी फुलं. दलदलीतली ती शेवाळं, दोन्ही. लाल बियांचा तर... लाल बियांचाही ठिपका सरकला होता. मला वाटलं प्लेट." त्यांनी मान वर केली. "सगळे मी तसल्याच, न गाळलेल्या क्लोरोफॉर्ममध्ये मोजलेत."

हे बाईंच्या लक्षातच आलं नव्हतं. आपण सरांचा एक रेणू काढून घेतला असं त्या समजत होत्या, आणि इथे माणसाचं सगळं आयुष्यच हातातून चाललं होतं. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणजे त्या सगळ्यांत खरं काय आहे, ते अजून कुणालाच माहीत नाही," सर म्हणाले.

त्यांचा आवाज ऐकून बाईंनी वाकून त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नव्हता. सालीची पोती ओढत आणणारा तो तरुण असा दिसायचा. सर उठलेसुद्धा. कोटाचं बटण पोटावर ओढून लावायचा त्यांनी प्रयत्न केला, ते तुटलं, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

"तुझी खोली किती दिवस आहे तुझ्याकडे?"

"निवृत्तीपर्यंत."

"मग मला कामाला अर्धा हूड दे. लाल बियांपासून सुरू करू. त्या ओल्या जागी मिळतात, या दिवसांत मिळतात. आणि ए वादळ, तुझं ते अॅल्युमिना किती उरलंय?"

"भरपूर आहे सर," वादळ म्हणाली आणि उत्तर पुरं व्हायच्या आत जिन्याकडे पळाली.

"अहो, पण मी आता थांबणार होते," बाई म्हणाल्या. "एक झाला, तेवढा पुरे झाला मला."

सर दारापर्यंत गेले होते, तिथून मागे फिरले. पहिल्यांदाच जरा बिचकत त्यांनी विचारलं, "मी काढले आणि ते वेगळे निघाले, तर बनवून कोण बघणार?"

बाईंनी मशीनच्या पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. लाल बियांच्या रेणूत सहा कडी होती, आणि त्यातलं चौथं कसं बंद करायचं, याचा विचार त्यांच्या डोक्यात सुरू झालेला होता.

"आधी काढून तर दाखवा," त्या म्हणाल्या आणि सरांच्या आधी जिना चढू लागल्या.